हृदयध्वनी आणि त्यांची कारणे : प्रस्तावना

विश्रांतीच्या स्थितीतील प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारणपणे ७२ वेळा, म्हणजे दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. आणि प्रत्येक आकुंचनागणिक छातीला कान लावणाऱ्यास दोन ध्वनी ऐकू येतात. पहिला काहीसा लांब व खर्जातला, दुसरा आखूड व त्याहून थोडा चढा. त्यानंतर अल्पशी शांतता आणि पुन्हा तीच जोडी. हे दोन ध्वनी, काही अवस्थांत त्यांच्या आगेमागे उमटणारे अधिकचे ध्वनी, आणि त्यांच्या दरम्यानची शांतता व्यापणारा ‘मर्मर’ नावाचा लांबलेला आवाज, या सर्वांना मिळून हृदयध्वनी म्हटले जाते. हे ध्वनी कोणत्या भौतिक कारणांनी निर्माण होतात आणि त्यांवरून हृदयाच्या स्थितीविषयी काय व किती अनुमान काढता येते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. पुस्तकातील सर्व विवेचनाच्या मुळाशी एकच सूत्र आहे : रक्त सुरळीत वाहत असते तोवर ते जवळजवळ निःशब्द असते; ते अडते, मागे परतू पाहते किंवा अरुंद वाटेने रेटले जाते तेव्हाच आवाज होतो. म्हणून हृदयध्वनी ऐकणाऱ्याने आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो नेमका कोणत्या क्षणी आला आणि त्या क्षणी कोणत्या कप्प्यात किती दाब होता, याचा विचार आधी करावयाचा असतो.

हे सूत्र समजण्यासाठी हृदयाची रचना थोडक्यात ध्यानात घ्यावी लागते. हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना अलिंदे म्हणतात; शरीराकडून व फुप्फुसांकडून आलेले रक्त ती स्वीकारतात. खालच्या दोहोंना निलये म्हणतात. ती जाड स्नायूंची असून रक्त बाहेर ढकलतात. उजवे निलय ते फुप्फुसांकडे, तर डावे निलय महाधमनीमार्गे सर्व शरीराकडे पाठवते. अलिंद आणि निलय यांच्या मध्ये उजवीकडे त्रिदल व डावीकडे द्विदल झडप असते. द्विदल झडपेलाच रुग्णालयांत मायट्रल व्हॉल्व्ह म्हणतात. निलयांतून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी फुप्फुसधमनीची व महाधमनीची अशा आणखी दोन झडपा असतात. या चारही झडपांना स्वतःची हालचाल नसते. पुढच्या व मागच्या बाजूंच्या दाबांत जो फरक पडतो त्यानेच त्या उघडतात आणि मिटतात. ठोक्यांचा वेग मिनिटाला ७२ असताना एका आवर्तनास सुमारे ०.८ सेकंद लागतो. त्यांपैकी सुमारे ०.३ सेकंद निलये आकुंचित असतात आणि उरलेला ०.५ सेकंद ती सैल पडून पुन्हा भरत असतात.

निलये आकुंचन पावू लागताच त्यांच्यातील दाब अलिंदांतील दाबाहून वाढतो, रक्त मागे परतू पाहते आणि द्विदल व त्रिदल झडपा मिटतात. पहिला ध्वनी या क्षणाचा असतो. आकुंचन संपून निलयांतील दाब उतरू लागला की महाधमनीतील व फुप्फुसधमनीतील रक्त मागे लोटू लागते आणि त्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात. दुसरा ध्वनी या क्षणाचा असतो. येथे एक प्रचलित समज दूर करणे आवश्यक आहे. झडपेच्या पाकळ्या एकमेकींवर आपटल्यामुळे हा आवाज होतो असे शालेय पुस्तकांतून अनेकदा सांगितले जाते. परंतु या पाकळ्या पातळ व मऊ असतात आणि त्यांच्या सभोवती रक्त असल्यामुळे त्यांच्या नुसत्या आपटण्याने छातीच्या बाहेर ऐकू येण्याजोगा आवाज निर्माण होणे कठीण आहे. प्रत्यक्षात मिटलेली झडप ताणली जाते, तिच्यावर येऊन थडकलेला रक्ताचा स्तंभ एकाएकी थांबतो, किंचित मागे उसळतो, आणि त्या धक्क्याने रक्त, झडप, निलयांच्या भिंती व वाहिन्यांच्या भिंती ही सर्व एकत्र कंप पावतात. इमारतीतील नळ जोरात वाहत असताना झटकन बंद केला म्हणजे भिंतीतील पाइप धडकन वाजतो, तेव्हाही चाकीपेक्षा अडलेल्या पाण्याचा वेगच आवाजास अधिक कारणीभूत असतो. हृदयातील घटना त्याच जातीची आहे. महाधमनीतील दाब जितका अधिक, तितका हा धक्का जोरकस. उच्च रक्तदाबाच्या रुग्णात दुसरा ध्वनी ठळक ऐकू येतो तो यामुळेच.

हे कारण उलगडण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडणाऱ्या विल्यम हार्वी यांनी १६२८ च्या आपल्या ग्रंथात हृदयाच्या चलनाबरोबर छातीत आवाज ऐकू येतो असे नमूद केले, तेव्हा व्हेनिसमधील एमिलियो पारिसानो या वैद्याने, असा आवाज आपल्या गावी कोणालाच ऐकू येत नाही, तो बहुधा लंडनमध्येच येत असावा, अशा आशयाची थट्टा केली. पॅरिसमधील नेकर रुग्णालयात रने लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची घट्ट गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून ऐकण्यास प्रारंभ केला, पुढे लाकडाची पोकळ नळी घडवली आणि १८१९ साली या पद्धतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. मात्र खुद्द लाएनेक यांनी दुसऱ्या ध्वनीचे श्रेय अलिंदांच्या आकुंचनास दिले होते आणि ते चुकीचे होते. झडपांच्या मिटण्याचा या ध्वनींशी संबंध असल्याचे झोझेफ रुआने यांनी १८३२ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात मांडले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये जेम्स होप आणि चार्ल्स विल्यम्स यांनी गाढवांवर केलेल्या प्रयोगांत वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा आकड्यांनी अडवून धरल्या, तेव्हा दुसरा ध्वनी नाहीसा होऊन त्याच्या जागी फुसफुसणारा आवाज येऊ लागला. झडप मिटली तर ठोका आणि न मिटली तर मर्मर, हा या विषयातील पायाभूत भेद या प्रयोगांनी डोळ्यांसमोर आणला. विसाव्या शतकात रॉबर्ट रश्मर आदी संशोधकांनी झडप हीच आवाजाचा एकमेव उगम मानण्याऐवजी हृदय व रक्त यांची मिळून होणारी कंपने हे कारण मांडले, आणि वर दिलेले स्पष्टीकरण मुख्यतः त्या विचाराला धरून आहे.

भारतीय वैद्यकात हृदयाच्या गतीचे ज्ञान मुख्यतः स्पर्शाने होत असे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे आणि योगरत्नाकरात सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, स्पर्श, दृक् व आकृती यांबरोबर शब्दाचाही समावेश आहे. तथापि तेथे शब्द म्हणजे प्राधान्याने रुग्णाचा स्वर. मनगटाच्या नाडीवरून ठोक्यांची गती, नियमितपणा व जोर कळतो, परंतु एका ठोक्याच्या पोटात घडणाऱ्या घटनांचा क्रम कळण्यासाठी छातीच ऐकावी लागते. स्पर्श आणि श्रवण यांची जोड मात्र आजही उपयोगी पडते : ठोके जलद असताना शांततेचे दोन्ही कालखंड जवळजवळ सारखे होतात आणि पहिला ध्वनी कोणता, दुसरा कोणता हे उमगत नाही, अशा वेळी मानेतील धमनीवर बोट ठेवल्यास तिच्या उसळीच्या लगतचा ध्वनी तो पहिला, असे ठरवता येते.

श्रवणाची अडचण मानवी कानाच्या घडणीतही आहे. कंपने दर सेकंदाला किती होतात त्या संख्येला वारंवारिता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाचा कान साधारणपणे २,००० ते ४,००० हर्ट्झच्या टप्प्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, तर हृदयध्वनींची बरीचशी ऊर्जा २०० हर्ट्झच्या खाली आणि काही तर ऐकू येण्याच्या किमान मर्यादेच्याही खाली असते. स्टेथोस्कोपच्या टोकाला दोन बाजू असतात त्या याचसाठी. ताणलेल्या पडद्याची बाजू चढ्या स्वरांसाठी, तर घंटेच्या आकाराची बाजू खर्जासाठी. ही दुसरी बाजू हलकेच टेकवावी लागते, कारण ती दाबून धरली तर खालची त्वचाच ताणून पडद्यासारखी होते आणि खर्जातले आवाज गाळले जातात. ऐकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत : महाधमनी झडपेसाठी उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, उजवीकडील दुसरी फासळ्यांमधील फट, फुप्फुसधमनी झडपेसाठी डावीकडील दुसरी फट, त्रिदल झडपेसाठी उरोस्थीची खालची डावी कड आणि द्विदल झडपेसाठी डावीकडील पाचवी फट. या जागा झडपांच्या प्रत्यक्ष स्थानांवर पडत नाहीत. झडपेपाशी उत्पन्न झालेला ध्वनी रक्ताच्या प्रवाहाबरोबर जिकडे वाहून नेला जातो आणि जिथे तो छातीच्या भिंतीजवळ येतो, तिथे तो ऐकला जातो.

दुसरा ध्वनी लक्षपूर्वक ऐकल्यास तो एक नसून दोन असल्याचे कळते. डाव्या बाजूचा दाब अधिक असल्यामुळे महाधमनीची झडप आधी मिटते आणि फुप्फुसधमनीची किंचित नंतर. श्वास आत घेताना छातीतील दाब उतरतो, उजव्या हृदयाकडे अधिक रक्त ओढले जाते, ते बाहेर टाकण्यास उजव्या निलयास अधिक वेळ लागतो आणि दोन घटकांतील अंतर काही शतांश सेकंदांनी वाढते; श्वास सोडताना ते पुन्हा एकरूप होतात. दोन अलिंदांमधील पडद्याला जन्मतः छिद्र असेल तर हे अंतर श्वासाबरोबर बदलत नाही, कायम राहते. ब्रिटिश हृदयतज्ज्ञ ऑब्रे लेथम यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या विभाजनाचा बारकाईने अभ्यास करून त्यास निदानात मानाचे स्थान मिळवून दिले. एका छिद्राचा पत्ता आवाजाच्या मोठेपणावरून नव्हे, तर काही शतांश सेकंदांच्या न बदलणाऱ्या अंतरावरून लागतो, ही गोष्ट या पुस्तकाच्या सूत्राचे उत्तम उदाहरण ठरते.

तिसरा व चौथा हे ध्वनी निलये भरतानाचे आहेत. सैल पडलेल्या निलयात रक्त वेगाने शिरते आणि निलयाच्या फैलावण्याची मर्यादा येताच एकदम मंदावते. त्या क्षणाचा खर्जातला ध्वनी तिसरा. मुलांत, तरुणांत आणि गर्भवती स्त्रियांत तो निरोगी हृदयातही ऐकू येतो, पण उतारवयात तोच ध्वनी निलय दुर्बल झाल्याची सूचना देतो. चौथा ध्वनी पहिल्याच्या लगेच आधी येतो. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने ताठर झालेल्या निलयात अलिंद जोर लावून रक्त ढकलते तेव्हा तो उमटतो, आणि ज्या विकारात अलिंदाचे नियमित आकुंचनच थांबून त्याची नुसती थरथर उरते त्या विकारात तो ऐकू येणे शक्य नसते. एकाच ध्वनीचा अर्थ वयानुसार बदलतो, ही बाब नवशिक्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मर्मराचे कारण निराळे आहे. वाहिनीतून रक्त एकमेकांना समांतर अशा थरांनी वाहते तेव्हा आवाज होत नाही. वेग वाढला, वाट एकाएकी अरुंद झाली किंवा रक्ताचा दाटपणा कमी झाला तर थर मोडतात, भोवरे उठतात आणि त्यांच्या खळबळीने आसपासच्या भिंती कंप पावतात. झडप पुरती उघडत नसेल तर रक्त पुढे जाताना, आणि पुरती मिटत नसेल तर मागे गळताना मर्मर होतो. म्हणून आकुंचनाच्या काळातील मर्मर महाधमनी झडपेच्या अरुंदपणाचा किंवा द्विदल झडपेच्या गळतीचा असू शकतो, तर प्रसरणाच्या काळातील मर्मर नेमक्या उलट बिघाडांचा. दोन निलयांमधील पडद्याला असलेल्या लहान छिद्राचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. डाव्या निलयातील दाब आकुंचनाच्या वेळी पाऱ्याच्या १२० मिलिमीटरांच्या आसपास, तर उजव्यातील सुमारे २५ असतो; एवढ्या फरकामुळे लहान छिद्रातून रक्ताची चिळकांडी सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने उडते आणि मर्मर फार मोठा होतो, जरी मुलाला त्याचा फारसा त्रास नसला तरी. छिद्र मोठे असेल तर दोन्ही बाजूंचे दाब हळूहळू सारखे होत जातात, मर्मर मंदावतो, आणि धोका मात्र कितीतरी वाढलेला असतो. त्याचप्रमाणे महाधमनी झडप अतिशय अरुंद होऊन डावे निलय थकले की पूर्वी मोठा असलेला मर्मर क्षीण होतो. सॅम्युएल लेव्हिन यांनी १९३३ साली रूढ केलेल्या सहा श्रेणी मर्मराची तीव्रता नोंदवण्यास आजही वापरल्या जातात, परंतु त्या आवाजाच्या श्रेणी आहेत, आजाराच्या नव्हेत.

महाराष्ट्रातील वाचकाच्या दृष्टीने दोन कारणांचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. पहिले पंडुरोग अर्थात ॲनिमिया : रक्तातील तांबड्या पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होते आणि शरीराची गरज भागवण्यासाठी हृदय ते अधिक वेगाने फिरवते, दोन्ही गोष्टी भोवऱ्यांना पोषक असल्याने झडपा निर्दोष असूनही मर्मर ऐकू येतो आणि रक्त सुधारल्यावर तो जातो. दुसरे कारण आमवाती तापाचे. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जिवाणूंनी मुलांच्या घशाला संसर्ग झाल्यानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयाच्या झडपांवर उलटते. सांध्यांची सूज ओसरते, पण झडपांवरचे व्रण राहतात आणि पुढे द्विदल झडप आकसते. दाटीवाटीच्या वस्तीत हा संसर्ग सहज फैलावतो. एकदा असा ताप येऊन गेलेल्या मुलाला ठरावीक आठवड्यांच्या अंतराने दीर्घकाळ पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्यास पुढचे नुकसान टाळता येते. म्हणून येथे वेळेवर ऐकलेल्या मर्मराचे मोल मोठे आहे.

या विद्येची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा लाएनेक यांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन जेमतेम २६ वर्षे झाली होती आणि हृदयध्वनींच्या कारणांविषयीचा वाद युरोपात ताजा होता. भाऊ दाजी लाड ज्या पहिल्या तुकडीत होते ती १८५१ साली उत्तीर्ण झाली. पुढे मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध करून जगाचे लक्ष वेधले; त्यांनी डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासमवेत लिहिलेल्या रुग्णतपासणीवरील पाठ्यपुस्तकाने विद्यार्थ्यांना पाहणे, चाचपणे, ठोकून पाहणे आणि ऐकणे या क्रमाची शिस्त शिकवली.

प्रस्तुत पुस्तक कळंबोली व तिच्या आसपासचा पनवेल परिसर समोर ठेवून लिहिले आहे, आणि त्यामागे कारण आहे. सिडकोने वसवलेल्या या उपनगराजवळ कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, खुद्द कळंबोलीत त्याच संस्थेचे रुग्णालय आहे, आणि शेजारच्या खारघरमध्ये जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांवर विनामूल्य उपचार करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. म्हणजे हृदय ऐकायला शिकणारे, ऐकून संशय घेणारे आणि तो संशय निस्तरणारे, तिघेही येथे काही किलोमीटरांच्या अंतरात आहेत. त्याच वेळी लोखंड-पोलाद बाजार, जवाहरलाल नेहरू बंदराची कंटेनर वाहतूक, शीव-पनवेल महामार्ग आणि येथूनच सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांमुळे अवजड वाहनांची घरघर हा या गावाचा नित्याचा भाग झाला आहे. या घरघरीची बरीचशी ऊर्जा हृदयध्वनींच्याच टप्प्यात, म्हणजे २०० हर्ट्झच्या खाली असते. सारख्या वारंवारितेचा मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो, आणि त्यात सर्वांत आधी हरवतात ते तिसरा ध्वनी, चौथा ध्वनी आणि आकसलेल्या द्विदल झडपेचा खर्जातला मर्मर. रस्त्यालगतच्या दवाखान्यात खिडकी लावून, पंखा बंद करून, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून ऐकणे हा तेथे निदानाचाच भाग मानावा लागतो.

श्रवणाच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या हालचाली टिपल्या आणि त्यांतून आजची इको तपासणी विकसित झाली. ती झडपा प्रत्यक्ष दाखवते आणि रक्ताचा वेगही मोजते. कंबोडिया व मोझांबिक येथील शाळकरी मुलांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या स्टेथोस्कोपपेक्षा इकोने आमवाती हृदयरोगाची सुमारे दहापट अधिक मुले आढळली. तरीही प्रत्येक अंगणवाडीत इको यंत्र नेणे अद्याप व्यवहार्य नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची फिरती पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात, त्यांनी शोधावयाच्या विकारांत जन्मजात आणि आमवाती असे दोन्ही हृदयविकार आहेत, आणि पथकातील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती मुख्य साधन असते ते स्टेथोस्कोपच. कोणत्या मुलाला पुढे पाठवायचे हे तिथे कानाने ठरते.

पुस्तकाच्या पूर्वार्धात ध्वनींची भौतिक कारणे आणि त्यांचा काळक्रम, तर उत्तरार्धात मर्मर, त्यांचे प्रकार आणि निदानातील उपयोग यांचा विचार आहे. वैद्यकाचा विद्यार्थी, आरोग्यसेविका, शिक्षक आणि पालक यांना ते सारखेच वाचता यावे, म्हणून प्रत्येक संज्ञा प्रथम येते तिथेच स्पष्ट केली आहे. पालकांना त्याचा लाभ एका नेमक्या प्रसंगी होईल. ‘मुलाच्या हृदयात आवाज येतो’ असे पथकातील डॉक्टरांनी सांगितले म्हणजे काही घरांत रडारड होते, तर काही घरांत मूल खेळते-बागडते आहे म्हणून ते बोलणे विसरले जाते. हृदयध्वनींचे कारण ज्याला ठाऊक आहे तो यांपैकी काहीच करणार नाही. अनेक निरोगी मुलांत निरुपद्रवी मर्मर असतो आणि वयाबरोबर तो जातो हे त्याला माहीत असेल. तसेच आवाज लहान आहे म्हणून दोष लहान असेलच असे नाही, हेही माहीत असेल. म्हणून हा आवाज आकुंचनातला की प्रसरणातला, दुसऱ्या ध्वनीचे अंतर श्वासाबरोबर बदलते की नाही, मुलाच्या अंगात रक्त पुरेसे आहे का, आणि इको कधी करावयाची, एवढे चार प्रश्न तो डॉक्टरांना विचारील, आणि इकोची तारीख चुकवणार नाही.